विश्लेषण : सीडी ड्राइव्हही नसलेला जुना लॅपटॉप लिनक्सवर चालवता येतो का?

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा अधिकृत पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवशी कोणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही. मात्र, घराघरांतील कपाटांत आणि शाळांच्या संगणक कक्षांत असलेली असंख्य यंत्रे एका रात्रीत ‘जुनी’ ठरली. त्यांतील अनेकांना विंडोज ११ चालत नाही. नवा लॅपटॉप घ्यायचा तर तीस-चाळीस हजारांची तजवीज हवी. अशा वेळी लिनक्सचा पर्याय सुचवला जातो आणि लगेच पहिली शंका येते, ‘यात सीडी ड्राइव्हच नाही, मग टाकणार कसे?’ या शंकेचे उत्तर सोपे आहे. त्यापुढच्या काही प्रश्नांची उत्तरे मात्र नीट समजून घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

लॅपटॉप ‘बाद’ झाला हे कोणी ठरवले?

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली आणि विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये. नव्या आवृत्तीसाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, ‘सिक्युअर बूट’ची सोय, किमान चार जीबी रॅम आणि ठरावीक प्रोसेसर अशा अटी आहेत. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते. या पिढीचे प्रोसेसर २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आले. म्हणजे त्याआधी घेतलेला लॅपटॉप कितीही धडधाकट असला, तरी तो सहसा या यादीबाहेर राहतो.

विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवण्याची एक वाढीव योजना कंपनीने दिली. तिचा उपयोग जरूर करावा. पण ती मुदतवाढ आहे, तोडगा नव्हे. अपडेट थांबलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार, आधारची कागदपत्रे आणि मुलांचे ऑनलाइन अर्ज हाताळत राहणे धोक्याचे आहे. ‘इतके दिवस काही झाले नाही’ हा त्यावरचा युक्तिवाद होऊ शकत नाही.

येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. लॅपटॉपचा पडदा चांगला आहे, कीबोर्ड चालतो, प्रोसेसर शाबूत आहे. संपला आहे तो त्यावरील सॉफ्टवेअरचा पाठिंबा. बाद ठरवण्याचा निर्णय यंत्राच्या मालकाने घेतलेला नाही. तो निर्णय परत मालकाच्या हाती देणारे साधन म्हणून लिनक्सकडे पाहायला हवे.

लिनक्सच का?

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले. तिच्यात रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातील साधने मिळाली आणि आजचे लिनक्स उभे राहिले. ते कोणालाही विनामूल्य घेता येते, बदलता येते, वाटता येते. जगातील ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीत २०१७ च्या अखेरीपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. हा मजकूर अँड्रॉइड फोनवर वाचला जात असेल, तर त्या फोनच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. त्यामुळे ‘हे काही तरी अवघड, फक्त तज्ज्ञांचे’ ही समजूत आता सोडायला हरकत नाही.

जुन्या यंत्रासाठी त्याचा खरा फायदा वेगळा आहे. लिनक्सची एकच आवृत्ती नसते. वेगवेगळे गट आपापल्या गरजेप्रमाणे तिची संच-रूपे तयार करतात. त्यांना ‘डिस्ट्रो’ म्हणतात. त्यांतील काही मुद्दाम कमी रॅमच्या यंत्रांसाठी बांधलेल्या आहेत आणि त्यांनाही सुरक्षा अपडेट नियमित मिळतात. दहा वर्षांच्या लॅपटॉपवर आजचा अद्ययावत ब्राउझर सुरक्षितपणे चालवणे यामुळे शक्य होते.

सीडी ड्राइव्ह नाही, हा अडसर किती खरा?

एके काळी तो खरा होता. २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली तेव्हा ती सुमारे ७०० एमबीच्या एका सीडीवर मावत असे. ‘शिपइट’ या योजनेत ती सीडी जगभर फुकट टपालाने पाठवली जाई. इंटरनेटचा वेग किलोबाइटमध्ये मोजण्याच्या त्या दिवसांत भारतातील अनेक विद्यार्थ्यांची लिनक्सशी पहिली ओळख त्या पाकिटातूनच झाली. ही योजना २०११ मध्ये बंद झाली.

दरम्यान यंत्रेही बदलत होती. २००७ मध्ये आसुसचा ‘ईई पीसी’ हा सात इंची छोटा लॅपटॉप सीडी ड्राइव्हशिवाय आणि चक्क लिनक्ससह बाजारात आला. जानेवारी २००८ मध्ये अॅपलने मॅकबुक एअर दाखवला, त्यातही ड्राइव्ह नव्हता. पुढच्या काही वर्षांत बहुतेक कंपन्यांनी तो काढून टाकला. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये तो आहे, त्यांचीही स्थिती फारशी वेगळी नाही. वर्षानुवर्षे न वापरल्याने लेन्स धुळीने निकामी झालेली असते किंवा कप्पाच बाहेर येत नाही.

आज तो चालू असता तरी फारसा उपयोग नव्हता. उबुंटू २४.०४ ची फाइल साडेपाच जीबीच्या वर आहे आणि साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी. म्हणजे ही आवृत्ती डीव्हीडीवर मावतच नाही. लिनक्स मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास असल्याने मावते. पण ड्राइव्हवरून ती वाचायला लागणारा वेळ पेनड्राइव्हच्या कितीतरी पट असतो. थोडक्यात, सीडी ड्राइव्ह नसणे ही आता उणीव राहिलेली नाही. आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह पुरतो.

पेनड्राइव्ह ‘बूटेबल’ करणे म्हणजे काय?

नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक येथेच होते. लिनक्सची फाइल डाउनलोड होते, तिच्या नावाच्या शेवटी ‘आयएसओ’ असते. ती पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली जाते. लॅपटॉप सुरू केल्यावर काहीच घडत नाही आणि ‘पेनड्राइव्ह खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो.

कारण साधे आहे. संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम कुठून उचलायची हे पेनड्राइव्हवरील ठरावीक जागी शोधतो. आयएसओ म्हणजे संपूर्ण डिस्कचे एका फाइलमध्ये बांधलेले गाठोडे. ते तसेच नेऊन ठेवले तर आतील सुरुवातीचा कार्यक्रम संगणकाला सापडत नाही. गाठोडे योग्य रीतीने सोडून पेनड्राइव्हवर मांडावे लागते. हे काम रुफस, बलेना एचर यांसारखी विनामूल्य साधने करतात. रुफस फक्त विंडोजवर चालते, एचर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर. ‘व्हेंटॉय’ची पद्धत जरा वेगळी आहे. ते एकदा पेनड्राइव्हवर बसवले की त्यानंतर आयएसओ फाइल खरोखरच नुसत्या कॉपी करता येतात आणि एकाच पेनड्राइव्हवर चार-पाच डिस्ट्रो ठेवून हवी ती निवडता येते. ज्यांना आधी दोन-तीन प्रकार पाहून ठरवायचे आहे, त्यांना हे सोयीचे.

येथे दोन पथ्ये पाळावीत. पहिले म्हणजे, या प्रक्रियेत पेनड्राइव्हवरील आधीचा सगळा मजकूर पुसला जातो. लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह यासाठी घेऊ नये. दुसरे, फाइल त्या डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तेथे दिलेला ‘चेकसम’ जुळवून पाहावा. चेकसम म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा. डाउनलोड अर्धवट झाले असेल किंवा फाइलमध्ये कोणी फेरफार केला असेल, तर तो जुळत नाही. रेंज ये-जा करणाऱ्या मोबाइल इंटरनेटवर तीन जीबी उतरवताना ही तपासणी विशेष गरजेची.

घरात दुसरा संगणकच नसेल तर?

हा प्रश्न ग्रामीण भागात आणि लहान घरांत खरा आहे. लॅपटॉपची विंडोज चालू असेल, तर त्याच लॅपटॉपवर पेनड्राइव्ह तयार करता येतो. पण विंडोज बिघडून लॅपटॉप उघडतच नसेल, तर हाताशी उरतो तो स्मार्टफोन. अँड्रॉइडसाठी ‘एचड्रॉइड’ नावाचे मुक्त स्रोत अॅप आहे. फोनवर आयएसओ फाइल उतरवायची, ओटीजी जोडणीने पेनड्राइव्ह फोनला लावायचा आणि अॅपमधून तो लिहायचा. फोन रूट करण्याची गरज पडत नाही. फोनला ओटीजीची सोय हवी, बॅटरी पुरेशी चार्ज असावी आणि लिहिणे संपेपर्यंत जोडणी हलवू नये, एवढेच.

लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही, तेव्हा काय?

तयार पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना ‘बूट मेन्यू’ची कळ दाबावी लागते. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर ती एफ१२, एचपीवर एफ९ आणि आसुसवर एस्केप असते. एसरवरही ती एफ१२ च, पण काही मॉडेलमध्ये आधी बायोसमध्ये जाऊन ती सोय चालू करावी लागते. बटण दाबल्या क्षणापासून कळ पुन्हा पुन्हा दाबत राहावी. कंपनीचे चिन्ह दिसल्यावर विचार करत बसले तर वेळ निघून गेलेली असते.

मेन्यूत पेनड्राइव्ह दिसतच नसेल, तर आधी पोर्ट बदलावे. जुन्या यंत्रांवर निळ्या यूएसबी ३ पोर्टपेक्षा काळ्या यूएसबी २ पोर्टवर काम होण्याची शक्यता अधिक असते. तरीही नाही दिसला, तर पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने लिहिला ते पाहावे. सुमारे २०१२ च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये जुनी बायोस पद्धत असते, नंतरच्यांत यूईएफआय. रुफसमध्ये त्यानुसार ‘एमबीआर’ किंवा ‘जीपीटी’ असा पर्याय निवडावा लागतो. पेनड्राइव्ह दिसतो पण सुरक्षेचा इशारा देऊन थांबतो, तेव्हा अडवणारा असतो सिक्युअर बूट. उबुंटू, मिंट, डेबियन या डिस्ट्रो तो चालू असतानाही बसतात. काही छोट्या डिस्ट्रोंसाठी मात्र बायोसमध्ये जाऊन तो बंद करावा लागतो.

२०१४-१५ च्या सुमारास विकल्या गेलेल्या काही स्वस्त, दोन जीबी रॅमच्या छोट्या लॅपटॉपची गाठ आणखी निराळी आहे. त्यांचा प्रोसेसर ६४-बिट असतो, पण यूईएफआय ३२-बिट. तेथे नेहमीचा पेनड्राइव्ह ओळखला जात नाही आणि तशी सोय असलेली डिस्ट्रो शोधावी लागते. अशा यंत्रावर एक संध्याकाळ घालवून निराश होण्यापेक्षा त्या मॉडेलबाबत आधी माहिती काढलेली बरी.

यूएसबीवरून सुरू होण्याची सोयच नसलेली फार जुनी यंत्रेही असतात. त्यांच्यासाठी तीन वाटा उरतात. एक, कोणाकडून तरी यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मागून आणणे; मात्र तोही यूएसबीच असल्याने बायोसने त्याला ओळखायला हवे. दोन, केबल जोडून नेटवर्कवरून सुरू करणे. त्याला ‘पीएक्सई’ म्हणतात. घरासाठी हा खटाटोप आहे. पण शाळेत वीस-पंचवीस संगणक असतील तर एका यंत्रावर तयारी करून बाकी सगळ्यांवर लिनक्स बसवण्याचा तो सर्वांत कार्यक्षम मार्ग ठरतो. तिसरी वाट दुरुस्तीच्या दुकानांना चांगली ठाऊक आहे. लॅपटॉपची हार्डडिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावायची, तिथे लिनक्स बसवायचे आणि डिस्क परत जागेवर आणायची. विंडोज अशा स्थलांतरावर अनेकदा रुसते. लिनक्स सुरू होताना समोरचे हार्डवेअर नव्याने ओळखत असल्याने ते सहसा चालते.

कोणती डिस्ट्रो निवडावी?

सगळे अवलंबून आहे रॅमवर. चार जीबी किंवा अधिक रॅम असेल, तर लिनक्स मिंट हा विंडोजची सवय असलेल्यांसाठी सर्वांत कमी धक्का देणारा पर्याय आहे. डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ अशी त्याची मांडणी ओळखीची वाटते. मिंट किमान दोन जीबी रॅम मागते आणि चार जीबीची शिफारस करते. त्याची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती आणखी हलकी आहे. दोन ते चार जीबीच्या यंत्रांसाठी लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्स योग्य. त्याहून कमी असेल, तर अँटीएक्स किंवा पपी लिनक्स यांचा विचार करावा.

प्रोसेसर ३२-बिट असेल, तर वाट अरुंद होते. उबुंटू आणि मिंटच्या मुख्य आवृत्त्यांनी ३२-बिट यंत्रांची साथ केव्हाच सोडली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय ठेवली नाही. असे यंत्र प्रयोग म्हणून चालवावे, मुलाच्या अभ्यासाची भिस्त त्यावर ठेवू नये.

लिनक्स हलके असले तरी आजची संकेतस्थळे हलकी राहिलेली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. दोन जीबीच्या लॅपटॉपवर लिनक्स झटकन उघडेल. पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडल्या की ते पुन्हा रडू लागेल. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवणे आणि जमल्यास रॅम वाढवणे, या दोन गोष्टींनी जो फरक पडतो तो कोणत्याही डिस्ट्रोने पडत नाही. लॅपटॉपमध्ये निकामी सीडी ड्राइव्ह असेल तर त्याच्या खोबणीत ‘कॅडी’ बसवून दुसरी डिस्कही लावता येते. अडगळ झालेल्या जागेचा असा उपयोग होतो.

खरा धोका कुठे आहे?

तो पेनड्राइव्हमध्ये नाही, बायोसमध्येही नाही. तो आहे इन्स्टॉलरच्या एका पानावर. ‘डिस्क पुसून लिनक्स बसवा’ आणि ‘विंडोजच्या जोडीने बसवा’ हे दोन पर्याय तेथे एकाखाली एक दिसतात. पहिला निवडून पुढे गेले की डिस्कवरील सर्व काही जाते. दहावीची गुणपत्रिका, सातबाऱ्याचे स्कॅन, अर्धा लिहून झालेला प्रबंध, गेलेल्या आजीचा एकमेव व्हिडीओ. नंतर कोणताही दुकानदार ते हमखास परत आणून देऊ शकत नाही.

त्यामुळे पहिले काम बॅकअपचे. तो बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि दुसऱ्या यंत्रावर एखाद-दोन फाइल उघडून खात्री करावी. विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच लिहून घ्यावी. बायोसमधील सेटिंग बदलल्यावर विंडोज तीच की मागते आणि ती नसेल तर स्वतःच्याच लॅपटॉपबाहेर उभे राहण्याची वेळ येते. दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम ठेवायच्या असतील, तर विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, फक्त झोपते आणि तिच्या फाइलींना हात लावणे धोक्याचे ठरते.

जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते, हेही विसरू नये. इन्स्टॉल चालू असताना वीज गेली तर ना विंडोज उरते ना लिनक्स. भारनियमनाची वेळ टाळून किंवा इन्व्हर्टरवर जोडूनच हे काम करावे.

या सगळ्याआधी एक पायरी आहे आणि तीच सर्वांत शहाणपणाची. बहुतेक डिस्ट्रो न बसवताच, थेट पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवता येतात. हार्डडिस्कला धक्काही लागत नाही. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, कॅमेरा आणि टचपॅड चालतात का, झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो का, हे तासाभरात कळते. काही जुन्या लॅपटॉपमधील ब्रॉडकॉमची वायफाय चिप लगेच चालत नाही. तेव्हा फोन केबलने जोडून यूएसबी टिथरिंगने इंटरनेट द्यावे आणि आवश्यक ड्रायव्हर उतरवून घ्यावा. लाइव्ह चाचणीत जे चालले नाही, ते बसवल्यावर आपोआप चालेल या आशेवर राहू नये.

मराठीचे काय?

युनिकोडमधील मराठी लिनक्सवर उत्तम दिसते आणि लिहिताही येते. इनस्क्रिप्ट कळफलक कीबोर्डच्या सेटिंगमध्ये निवडता येतो. रोमन अक्षरांनी ध्वनीप्रमाणे टंकलेखन करणाऱ्यांसाठीही ‘आयबस’सारखी सोय आहे. लिब्रे ऑफिसमध्ये अर्ज, पत्रे, हिशेबाचे तक्ते सहज होतात.

अडचण येते ती जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये काम करणाऱ्यांना. छापखाने, डीटीपी केंद्रे, काही कार्यालये आजही श्रीलिपीसारख्या विंडोजवरील सॉफ्टवेअरवर अवलंबून आहेत. त्यांच्या फाइली लिनक्सवर उघडल्या तर मराठीऐवजी चिन्हांची गर्दी दिसू शकते. हा दोष लिनक्सचा नाही, पण त्रास मात्र वापरणाऱ्यालाच होणार. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हाच उपाय. आणि तो लिनक्सकडे न जाणाऱ्यांनीही आज ना उद्या करावाच लागणार आहे.

कोणी या वाटेला जाऊ नये?

लिनक्सचे चाहते अनेकदा येथेच अतिरेक करतात. टॅलीवर रोजचे हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराने, ऑटोकॅडवर नकाशे काढणाऱ्याने किंवा फोटोशॉपवर पोट असलेल्या छायाचित्रकाराने कामाचा एकमेव लॅपटॉप लिनक्सवर नेऊ नये. ही सॉफ्टवेअर विंडोज किंवा मॅकसाठी बनलेली आहेत आणि त्यांना लिनक्सवर ओढूनताणून चालवणे हा रोजच्या धंद्याचा आधार होऊ शकत नाही. सरकारी निविदा किंवा विवरणपत्रांसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांनीही आधी खात्री करावी. काही टोकनना लिनक्ससाठी ड्रायव्हर मिळतो, पण तो मिळेलच हे गृहीत धरू नये. किचकट मांडणीच्या वर्ड आणि एक्सेल फाइली रोज इतरांशी देवाणघेवाण करणाऱ्यांना लिब्रे ऑफिसमध्ये मांडणी हलल्याचा अनुभव येतो.

उलट, ज्यांचे काम ब्राउझर, ईमेल, व्हिडीओ, पीडीएफ, साधे लेखन आणि प्रोग्रॅमिंग एवढ्यात भागते, त्यांना अडचण फारशी येणार नाही. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी, निवृत्त ज्येष्ठ नागरिक, ग्रामीण वाचनालये ही या गटातली. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलाला तर पुढे नोकरीत सर्व्हरवर लिनक्सच भेटणार आहे. घरच्या जुन्या लॅपटॉपवर ते हाताळायला मिळाले तर तो शिकवणीवर्गाइतकाच फायदा आहे.

हे एकट्यादुकट्याने करायचे काम आहे का?

आज ते तसेच चालले आहे आणि तिथेच खरी उणीव आहे. लॅपटॉप मंद झाला की तो दुरुस्तीच्या दुकानात जातो. तेथे काही शे रुपयांत विंडोजची परवाना नसलेली प्रत टाकून मिळते. ग्राहक खूश होतो. परंतु त्या प्रतीबरोबर आणखी काय आले, हे त्याला कळत नाही आणि त्याच यंत्रावर तो बँकेचा पासवर्ड टाकतो. त्याच वेळात, तेवढ्याच पैशांत दुकानदार अधिकृत लिनक्स बसवून देऊ शकतो. त्याने ते शिकावे आणि ग्राहकाने ते मागावे, अशी दोन्ही बाजूंनी सुरुवात व्हायला हवी. सॉफ्टवेअर फुकट असले तरी बसवून देण्याचे श्रम फुकट नाहीत. त्याचे पैसे मोजायला ग्राहकानेही खळखळ करू नये.

सार्वजनिक पातळीवर याची उदाहरणे देशातच आहेत. केरळमधील सरकारी शाळांनी गेली अनेक वर्षे मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर संगणक शिक्षण चालवले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय भाषांना पाठिंबा देणारी लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध केली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. तरीही महाराष्ट्रातील शाळेत संगणक म्हणजे विंडोज आणि लेखन म्हणजे वर्ड, हे समीकरण कायम आहे. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून संगणक शिकलेल्या पिढीला दुसरे काही असते याची ओळखच झाली नाही. धोरण कागदावर असून सवय बदलत नाही. त्यासाठी कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते.

ते कोण करणार? प्रत्येक जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत विद्यार्थी रस्ते झाडतात, झाडे लावतात. त्यातला एखादा रविवार जवळच्या जिल्हा परिषद शाळेतील बंद पडलेल्या संगणकांसाठी दिला, तर दहा पेनड्राइव्ह आणि वीस विद्यार्थी मिळून संगणक कक्ष पुन्हा उभा करू शकतात. मात्र बसवून निघून जाणे म्हणजे मदत नव्हे. महिन्याने वायफाय अडले तर शिक्षकाने कोणाला फोन करायचा, याचे उत्तर त्या दिवशीच ठरलेले हवे. अनेक चांगले उपक्रम या एका न ठरलेल्या गोष्टीमुळे धूळ खात पडतात.

भंगारात दिले तर बिघडले कुठे?

ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे. ती व्यवस्था आवश्यकच. पण पुनर्चक्रीकरण हा शेवटचा उपाय आहे. लॅपटॉप वापरताना जितकी वीज लागते, त्याहून मोठा पर्यावरणीय भार तो तयार होताना पडलेला असतो. म्हणूनच चालू यंत्र आणखी तीन-चार वर्षे वापरणे हे भंगारात नीट वर्गीकरण करून देण्यापेक्षा सरस ठरते. शिवाय घरातून निघालेला लॅपटॉप अनेकदा अधिकृत केंद्रात पोहोचतच नाही. तो भंगारवाल्याकडे जातो आणि त्यातील धातू उघड्यावर, आरोग्याची पर्वा न करता काढले जातात. बॅटरी फुगलेली असेल, मदरबोर्ड जळालेला असेल, तर मात्र मोह सोडून अधिकृत संकलन केंद्राचा रस्ता धरावा. फुगलेली बॅटरी लावून लॅपटॉप चालवणे ही काटकसर नव्हे, आगीला आमंत्रण आहे.

मग निर्णय कसा घ्यावा?

क्रम सोपा ठेवावा. आधी बॅकअप, मग लाइव्ह चाचणी, आठवडाभर त्यावर रोजचे काम करून पाहणे आणि जमले तरच इन्स्टॉल. जमले नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्यावा, लॅपटॉप होता तसाच राहतो. नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत असलेल्यांसाठी हा हौसेचा विषय असेल. पण ज्या घरात दोन मुले एका फोनवर अभ्यास करतात आणि कपाटात ‘खराब’ म्हणून ठेवलेला लॅपटॉप आहे, तिथे हा प्रश्न हौसेचा उरत नाही. सीडी ड्राइव्ह नाही म्हणून तो लॅपटॉप कपाटातच राहणार असेल, तर ते कारण पुरेसे नाही. आठ जीबीचा पेनड्राइव्ह आणि एक मोकळी संध्याकाळ एवढ्यावर त्याची परीक्षा घेता येते. तो उत्तीर्ण होईलच असे नाही. पण परीक्षा न घेताच त्याला नापास करणे हा घरातील मुलांवरचा अन्याय आहे.